लहान विमानं विकली तेव्हा

बातमी आली तेव्हा मी मूल या आमच्या तालुक्याच्या गावच्या बसस्टँडवर नागपूरच्या बसची वाट पाहत उभी होते. खांद्यावर बॅग आणि हातात आईने बांधून दिलेला लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा. मोबाइल वाजला. कंपनीचं पत्र होतं, इंग्रजीत, फार गोड भाषेत लिहिलेलं. ताफ्याची नवी रचना करायचं ठरलं आहे, यापुढे आपल्याकडे फक्त मोठी विमानं असतील, पन्नास आसनांची सगळी लहान जेट विमानं टप्प्याटप्प्याने विकली जातील. ज्यांच्या कामावर याचा परिणाम होईल, त्यांच्याशी लवकरच बोलू.

परिणाम होणाऱ्यांत मी होते. मी विमानांची देखभाल करणारी इंजिनियर. आमच्या धंद्यात लायसन्स नुसतं 'विमानाचं' नसतं, विमानाच्या टाइपचं असतं. ज्या टाइपचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, त्याच टाइपच्या विमानाच्या कागदावर सही करता येते. ती सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. माझ्या लायसन्सवर एकच टाइप होता, आणि तोच विकायला निघाला होता.

बस आली. मी चढले. खिडकीतून दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसत होत्या, कापणी झालेल्या, मोकळ्या. नागपूर येईपर्यंत मी ते पत्र बहुतेक दहा वेळा वाचलं असेल. आपलं नाव त्यात कुठे नाही, हे दहाव्यांदा लक्षात आलं.

दोन दिवसांनी आमच्या हँगरमध्ये बैठक झाली. आम्ही नऊ इंजिनियर होतो. तीन वाटा समोर ठेवल्या गेल्या. ज्या परदेशी कंपनीने विमानं घेतली होती तिच्याकडे विमानांसोबत जायचं, किंवा राजीनामा द्यायचा, किंवा मोठ्या विमानाचं शिक्षण घ्यायचं. पण शिक्षणाच्या जागा चारच, आणि त्याआधी एक चाचणी. पास व्हायला पंचाहत्तर टक्के. पास झालं तर पुढचं काम हैदराबादला.

बैठक संपल्यावर आमच्या मुख्य इंजिनियर साहेबांनी मला बाजूला बोलावलं. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेला, मनाने चांगला माणूस. मला त्यांनीच नोकरीत घेतलं होतं.

"मॅडम, खरं सांगू का? तुमचं वय आता बेचाळीस. नवीन टाइप म्हणजे परत कॉलेजात बसल्यासारखं आहे. इथे रेकॉर्ड विभागात एक जागा राहणार आहे. कागदपत्रं सांभाळायची, सावलीत बसायचं. मी शब्द टाकतो. काऊन जिवाला त्रास करून घेता?"

"सर, कागद मी सांभाळीन," मी म्हटलं, "पण विमानाजवळ उभी राहून."

ते हसले नाहीत. "बघा," एवढंच म्हणाले.

मी चाचणीला बसले आणि नापास झाले. एकोणसत्तर मिळाले.

मला ते खरंच अपेक्षित नव्हतं. नोकरीच्या बारा वर्षांत मी कुठल्याच परीक्षेत नापास झाले नव्हते. माझ्यासोबत चाचणी दिलेले दोघं पास झाले होते, त्यातला एक माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं, ते मला निकालापेक्षा जास्त लागलं. महिन्याभराने एक संधी आणखी मिळणार होती. शेवटची. माझी खूप रजा साठली होती. मी अर्ज दिला आणि पुस्तकांची बॅग घेऊन परत मूलची बस धरली. आमचं गाव मूलपासून सहा किलोमीटर, तिथून पुढे ऑटोने.

आई अंगणात होती. मला बघून म्हणाली, "आताच तं गेली होती तू." मग बॅग उचलून बघितली आणि आत नेऊन ठेवली.

बाबा राइस मिलमधून आले. ते त्या मिलमध्ये फिटर. अडुसष्ट वर्षांचे, सातवी शिकलेले, आणि मालक अजूनही त्यांना घरी बसू देत नव्हता. हातपाय धुऊन ते माझ्यासमोर बसले.

"किती भेटले?"

"एकोणसत्तर."

"पायजे किती?"

"पंचाहत्तर."

"मंग साच तं कमी हायत. रडून काऊन राह्यली?"

"रडत नाही आहे."

"डोये लाल हायत."

"बसमध्ये धूळ होती."

त्यांनी ते ऐकून घेतलं. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "उद्यापासून मले शिकवजो. मले समजलं, तं तुले समजलं."

हे ते का म्हणाले, ते सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी मिलमालकाने जुनी यंत्रं भंगारात काढली आणि बाहेरून नवा ऑटोमॅटिक प्लांट आणला. त्यात दाण्याचा रंग पाहून काळा दाणा हवेने उडवून टाकणारी एक मशीन होती. मशीन बसवायला आलेल्या इंजिनियरने मालकाला सांगितलं, या म्हाताऱ्याला आता पोत्यांवर ठेवा, हे त्याच्याच्याने होणार नाही. बाबा पोती मोजायला गेले नाहीत. मशीन बसेपर्यंत ते रोज त्या इंजिनियरच्या मागे उभे राहिले. मशीनचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी तेव्हा दर रविवारी नागपूरहून त्यांना ते फोनवर वाचून दाखवायचे, एकेक पान, मराठीत सांगत. पाच महिने लागले. पुढे ती मशीन बंद पडली की बाहेरून माणूस बोलवावा लागला नाही.

आमच्या गावात विहार आहे. संध्याकाळी तिथे मुलांचा अभ्यासवर्ग चालतो, म्हणून एक फळा आणि खडू असतात. सकाळी विहार रिकामा असतो. आम्ही तिथे बसायला लागलो. बाबा आंघोळ करून, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून, सतरंजीवर मांडी घालायचे. मी फळ्यावर विमान काढायचे. नऊला ते सायकलने मिलमध्ये जायचे आणि दिवसभर मी एकटी पुस्तकात असायचे.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना इंजिन सांगितलं. आमच्या लहान विमानाची इंजिनं शेपटीजवळ होती. मोठ्या विमानाची पंखाखाली, आणि त्यांचा पुढचा पंखा माणसापेक्षा उंच. मी फळ्यावर पंख्याचं मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्या मागे, गरम हवेच्या झोताने फिरणाऱ्या टर्बाइनची लहान चक्री.

बाबांनी थोडा वेळ बघितलं. "हा पंखा आन् मांगची चक्री एकाच दांड्यावर?"

"जुन्यात हो."

"मंग जमत नाई. चक्रीले जोरात फिरावं लागते. तेवढ्याच जोरात हा एवढा मोठा पंखा फिरवला तं त्याचं टोक किती पळन? फाटून जाईन ना."

मी खडू हातात धरून उभी राहिले. नव्या इंजिनात पंखा आणि चक्री यांच्यामध्ये गिअर बसवला आहे तो याचसाठी. पंखा सावकाश फिरावा आणि चक्री वेगात. हे वाक्य मी पुस्तकात पिवळ्या रंगाने रंगवलं होतं आणि पाठही केलं होतं. चाचणीत त्यावरचाच प्रश्न माझा चुकला होता. मिलमध्ये लहान-मोठ्या पुल्यांवर पट्टे चढवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते वर्तुळ बघूनच कळलं.

"गिअर टाकला असन," ते म्हणाले.

"टाकला आहे."

"मंग बरोबर हाय."

सगळं इतकं सोपं गेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात विमान वळवायला पंखांच्या कडेच्या पट्ट्या हलवणाऱ्या संगणकांचा भाग आला. पायलट हातातली दांडी हलवतो, पण ती दांडी तारेने कशालाच जोडलेली नसते. ती फक्त संगणकाला सांगते आणि संगणक ठरवतो. मी तीन सकाळी तेच सांगत होते. बाबा तिन्ही वेळा समजलं नाही म्हणाले. चौथ्या दिवशी माझा तोल गेला.

"बाबा, हे तुम्हाला नाही समजणार. हे इलेक्ट्रॉनिक्स आहे."

 बाबांनी उठून सतरंजी झटकली, घडी घातली. दारात चप्पल घालताना म्हणाले, "माह्या डोक्यात नाई शिरत, का तुह्या तोंडातून नाई निघत, ते पाय एकडाव."

सायकलवर बसून ते गेले. मी तिथेच बसून राहिले. दुपारी आई जेवायला बोलवायला आली तेव्हा माझ्यासमोर पुस्तक बंद होतं. मला लाज वाटत होती, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचं बरोबर होतं. मला तो भाग येत नव्हता. मी तो फक्त म्हणून दाखवत होते.

त्या दिवशी मी आठवणीतून सगळं कागदावर काढून पाहिलं. कुठला संगणक कुणाला विचारतो, एक बंद पडला तर दुसरा काय करतो, दोघांचं पटलं नाही तर कुणाचं ऐकायचं. पानंच्या पानं फाडली. सकाळी बाबा येऊन बसले, काल काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. मी माफी मागितली. "बस, सांग," ते म्हणाले. मी सांगितलं. सांगून संपल्यावर ते म्हणाले, "म्हंजे पायलट अर्जी करते, आन् हे लोक पाहून मंजूर करतेत."

"हो."

"आन् वाकडी अर्जी असन तं?"

"तर नामंजूर."

"हे समजलं ना मंग. काल काऊन भांडत होती?"

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "तू रोज म्हन्ते, जुन्यात असं होतं आन् नव्यात तसं हाय. जुनं विकलं गेलं ना, बाई? मंग नवं हे नवं म्हनून सांग."

मी जुन्या विमानाच्या वह्या आईच्या पेटीत ठेवून दिल्या. पुढचे दिवस फळ्यावर फक्त नवं विमान होतं.

दुसऱ्या चाचणीत मला ब्याऐंशी मिळाले.

पण हैदराबादला जायच्या आधी शेवटचं लहान विमान नव्या मालकाच्या हाती द्यायचं होतं, आणि ते काम माझ्याकडे आलं. परदेशी कंपनीचा एक तपासनीस आला होता, उंच, साठीचा, कमी बोलणारा. टॉर्च घेऊन तो आठ दिवस विमानाभोवती फिरला. सामानाच्या दाराखाली पत्र्यावर एक ठिगळ होतं. काही वर्षांपूर्वी सामानाची गाडी आदळून पत्रा चेपला होता, तेव्हा मीच ते बसवलं होतं. त्याने दुरुस्तीचा कागद मागितला. कागद दिला. मग त्याने ठिगळ धरून ठेवणाऱ्या रिव्हेटांच्या रांगेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"मी."

"चांगलं केलंय," तो म्हणाला आणि पुढच्या रांगेकडे वळला. आठ दिवसांत त्याने केलेलं हे एकच कौतुक.

रंगवाल्यांनी आमच्या कंपनीचं नाव खरवडून काढलं होतं. अक्षरं गेली होती, पण त्यांच्या जागी पांढरा रंग थोडा वेगळा दिसायचा, त्यामुळे नाव अजून वाचता येत होतं. सकाळी अकराच्या सुमाराला मी शेवटची सही केली. परदेशी पायलटने हात हलवला. विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, आणि गेलं. मी रडेन असं मला वाटलं होतं. पण मी बघत होते ती त्याची चाकं आत नीट जातात की नाही, ते.

मुख्य इंजिनियर साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. "रेकॉर्डची ती जागा," ते म्हणाले, "मीच घेतली. दोन वर्षं काढायची आहेत."

"चांगलं झालं, सर."

"तुम्ही जा मॅडम हैदराबादला. मी तुम्हाला नको म्हणत होतो, ते विसरा." मग आत जाता जाता थांबून म्हणाले, "विसरू नका. पुढे कोणी तुमच्या हाताखाली आलं तर त्याला असं सांगू नका."

हैदराबादला कोर्स झाला, मग विमानांवर सरावाचे महिने. शुक्रवारी सुट्टी मिळाली की मी गावी जायला बल्लारशाहपर्यंत ट्रेनने यायचे. कोर्सला माझ्यासोबतची मुलं-मुली पंचविशीतली होती. टॅब्लेटवर त्यांची बोटं माझ्यापेक्षा तिप्पट वेगाने चालायची. पहिले काही दिवस मला विचारायची लाज वाटली, मग विचारायला लागले, मग लाज गेली. नऊजणांपैकी तिघं परदेशी गेले, दोघांनी काम सोडलं. त्यातल्या एकाने नागपूरला लिफ्ट दुरुस्तीचं काम धरलं, आणि फोनवर तो मजेत असतो.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी परीक्षकाने मला इंजिनाचं मोठं झाकण उघडून बंद करायला सांगितलं. त्या झाकणाच्या कड्या अगदी तळाशी असतात, इतक्या खाली की उभ्या माणसाला दिसतच नाहीत. मी कड्या लावत असतानाच त्याने मुद्दाम मला हाक मारली, दुसऱ्या इंजिनाबद्दल काही विचारलं, दोन मिनिटं बोलत ठेवलं. मग म्हणाला, "झालं ना? चला, लिहून टाकू."

"थांबा, सर."

मी काँक्रीटवर पाठ टेकून इंजिनाखाली सरकले. ऊन चांगलंच तापलं होतं आणि शर्टातून चटका लागत होता. एकेका कडीला हात लावून पाहिलं. तिसरी वरवर बसलेली दिसत होती, पण अडकलेली नव्हती. मी ती दाबली. खट् असा आवाज आला. चौथीही पाहिली.

बाहेर आले तेव्हा परीक्षक कागदावर लिहीत होता. त्याने वर बघितलं नाही. "शर्टाला तेल लागलंय," म्हणाला.

पंधरा दिवसांनी नव्या टाइपवर सही करायचा माझा शिक्का आला. दुसऱ्या दिवशी दुपारी विशाखापट्टणमला जाणाऱ्या विमानाचं नोंदींचं पुस्तक माझ्यासमोर आलं. मी विमानाला पूर्ण फेरी मारली, दोन्ही इंजिनांखाली वाकून पाहिलं, मग सही केली. कॅप्टन तरुण होती. तिने पुस्तक घेतलं, सही पाहिली, "थँक यू" म्हणाली आणि दार लावून घेतलं. शेजारच्या जागेवर दुसरं विमान येऊन थांबत होतं. मी कानाला संरक्षक लावले आणि तिकडे निघाले.