मानेतलं वळण आणि हिंगणीची संध्याकाळ

हिवाळ्यात वर्ध्याजवळच्या बोरच्या जंगलात वाघ पाहायला जायचं, हे माझं कित्येक वर्षं ठरत-मोडत आलेलं स्वप्न. यंदा मात्र मला घराबाहेर काढलं ते ताईच्या फोननं. माझी थोरली बहीण, सुनीता, त्या जंगलालगतच्या हिंगणीला असते. भाऊजी वांगी, मेथी, सांभार (म्हणजे कोथिंबीर) पिकवून सेलूच्या बाजारात नेतात.

"सकाळी बाजारात ह्यायच्या हातातून सांभाराची जुडी गळली. बोलनं बी अडकलं. थोड्या वेळानं आपोआप नीट झालं. दवाखान्यात चला म्हनलं तं आयकून नाई राह्यले," ताई म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी पुण्याहून गाडीत बसले. जाग आली तेव्हा बाहेर कपाशीवर धुकं उतरलं होतं. पांढरं कुठलं कापसाचं आणि कुठलं धुक्याचं, ते कळत नव्हतं.

वर्ध्याच्या फलाटावर दोघंही उभे. मला आणायला जायचं म्हणून ताईनं भाऊजींना घराबाहेर काढलं होतं. रिक्षा दवाखान्याकडे वळली तेव्हा ते हसले. "मी माधुरीले घ्याले आलो, अन् तुमी दोघी मलेच घेऊन चालल्या!" पण उतरले नाहीत.

तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत भाऊजींच्या मानेवर यंत्र फिरत होतं. पडद्यावर लाल-निळे रंग वाहत होते आणि खोलीभर रक्ताचा आवाज भरला होता, दूरच्या झाडांतून वारा यावा तसा. ताईनं माझा हात धरला होता. आपण तिघं पाण्याखाली बसलो आहोत, असं मला वाटलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मानेच्या डाव्या बाजूला त्यांनी बोट ठेवलं. "मेंदूकडे जाणारी नस इथे दोन फाट्यांत विभागते. इथे चरबीचा थर साचलाय. त्यातला कण वर मेंदूच्या डाव्या भागात गेला असावा. उजवा हात आणि बोलणं तोच भाग चालवतो, म्हणून दोन्ही अडलं."

"एकाच बाजूले काऊन?" भाऊजींनी विचारलं.

"दोन्हीकडची ठेवण सारखी नसते. उजवीकडे फाटा बराच सरळ आहे. तिथे रक्त नीट वाहतं आणि नसेची भिंत चांगली राहते. डावीकडे तो फुगीर आणि वाकडा आहे. बाहेरच्या कडेला रक्त मंदावतं, मागे-पुढे हेलकावतं. अशा जागी थर लवकर धरतो."

"मंग ते सरळ करता येते का?"

"ठेवण बदलत नाही. पण नुसत्या ठेवणीनं आजार होत नाही. वाढलेला रक्तदाब आणि तुमचा हा तंबाखू-सुपारीचा खर्रा तिला साथ देतात. ते बदलता येतं." मग आवाज कडक झाला. "आणि लक्षणं आपोआप गेली तरी त्याच दिवशी, लगेच यायचं. पुढचा झटका तुमची वाट पाहत नाही."

ऑपरेशनची गरज नव्हती. गोळ्या सुरू झाल्या, दोन दिवस ठेवून घेतलं. त्या दोन दिवसांत मी आणि ताई आळीपाळीनं बाहेर जाऊन तर्री-पोहे खात होतो. तुम्ही गेलात तर तर्री आधी थोडीच मागा, डोळ्यांत पाणी येतं. घरी न्यायला गोरसपाक, म्हणजे इथली तुपातली बिस्किटं, घ्या.

तिसऱ्या दिवशी एसटीनं सेलू आणि तिथून हिंगणी. रस्ता चांगला आहे, पण गाड्या कमी, म्हणून सकाळीच निघा. सफारीचं बुकिंग मी केलंच नव्हतं. संध्याकाळी आम्ही बोर धरणाच्या काठावर जाऊन बसलो. पाणी राखाडी, मग गुलाबी, मग कुठलाच रंग नसलेलं. पलीकडे सागाचं रान विरत गेलं.

परतताना ताई थोडी पुढे चालत होती. भाऊजी तिच्याकडे पाहत हळूच म्हणाले, "बाजारात मले तिचंच नाव घ्याचं होतं. मनात सारं दिसे. पन तोंडातून निंगेच ना. हात गळला त्याचं भेव नाई वाटलं. ह्याचं वाटलं."

त्यांनी खिशातली खर्र्याची पुडी काढली, क्षणभर पाहिली आणि माझ्या हातात दिली. "तूच टाक कुठं. माझ्यानं नाई होत."

पुण्यात परतल्यावर मैत्रिणींनी विचारलं, वाघ दिसला का? नाही दिसला. जंगलही काठावरूनच पाहिलं. तरी इतकं काही पाहून मी आजवर कुठूनही परतले नव्हते.

रविवारी भाऊजींचा फोन आला. वांग्यांवर कीड पडली होती, सेलूत भाव पडला होता, ताई मीठ कमी घालून राह्यली होती. तक्रारी संपतच नव्हत्या. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले. एकेक शब्द स्वच्छ येत होता.