दोन तारांना पीळ

मखमलाबादच्या भाजीवाल्या घरातल्या चंद्रभागाबाई लग्नानंतर अंबडच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींच्या कॉइल भरायला लागल्या. बारा वर्षं तेच काम. केसाएवढ्या तारेचा एक वेढा चुकला तरी त्यांच्या बोटांना कळायचं. सत्त्याण्णव साली वेढे भरायचं यंत्र आलं आणि बाई घरी बसल्या.

पुढच्या वर्षी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टर प्रतिभा मॅडमना सशाच्या मागच्या पायातल्या मज्जातंतूचे संदेश टिपायचे होते. सशाला भूल देऊन तंतूभोवती बारीक तारा बसवायच्या, कातडीखालून पाठीवर काढायच्या आणि तिथून यंत्राला जोडायच्या. तारा करायला सराईत हात हवा होता.

बाईंनी तारा केल्या. शस्त्रक्रिया नीट झाली, तिसऱ्या दिवशी ससा मेथी खायला लागला. पण यंत्राच्या पडद्यावर नुसती एक जाडजूड लाट! मज्जातंतूचा संदेश इतका क्षीण, की खोलीतल्या विजेच्या वायरींपुढे त्याचा पत्ताच लागेना. मॅडमनी ट्यूबलाइट बंद केली, पंखा बंद केला, पिंजऱ्याभोवती तांब्याची जाळी लावली, अर्थिंग नवं करून घेतलं. लाट कमी झाली, पण हटली नाही.

आठवडाभर हे बघून बाई शेवटी म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका. या दोन तारा पाठीपासून मशिनीपर्यंत फाकून गेल्यात. मधी जागा राहिली की तिथं लाइट घुसती. आमच्या कारखान्यात मीटरच्या वायरींना पीळ घालायचे."

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी डॉक्टर. मला वाटलं, तुमच्यात अशाच ठेवत असतील."

मॅडमना हसू आवरेना. बाईंनी तिथंच खुर्ची ओढली आणि तारांना वरपासून खालपर्यंत सारखा, घट्ट पीळ घातला. पडद्यावरची लाट बसली. सशानं एक उडी मारली तशी सपाट रेघेवर टोकदार रेघांचा झुबका उठला आणि स्पीकरमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज आला.

"हे त्याच्या पायातलं?" बाईंनी विचारलं.

"हो. पाय बोलतोय त्याचा."

बाई कितीतरी वेळ ऐकत राहिल्या.

त्या तिथं दहा वर्षं रमल्या. मॅडमच्या छापील लेखात शेवटी आभार होते, त्यात बाईंचं नाव. लेक निकितानं ते बोट ठेवून वाचून दाखवलं. नवरा कारभारी पान उलटंपालटं करत म्हणाला, "नाव हाय, मग फोटो कुठंय?"

"सशाचा बी नाय," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.