एकाच आईच्या दोन लेकी

आजार गरीब-श्रीमंत पाहत नाही, हे वाक्य मला आता ऐकवत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते टीव्हीवर होतं, फोन लावला की कानात होतं, आणि माझ्या काकांच्या तोंडात तर कायमचंच होतं. काका म्हणजे मावशीचे यजमान, बुलढाण्याला कॉलेजात शिकवायचे. "विषाणूला काय कळतं गं, कोण कुठला ते?" असं ते समजावणीच्या सुरात म्हणायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. विषाणूला नसेल कळत. बाकी सगळ्यांना बरोबर कळत होतं.

माझी आई आणि मावशी सख्ख्या बहिणी. नाक एक, आवाज एक, हसताना तोंडावर पदर धरायची लकबसुद्धा एक. मावशीच्या मुलीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही सगळे बुलढाण्याला गेलो. तिथे दोघी एका पंगतीला बसल्या, एकमेकींच्या पानातली जिलबी पळवत बसल्या. त्याच आठवड्यात दोघींना ताप आला. मावशी वाचली. आई गेली. लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणत नाही.

दोघींचं माहेर अमडापूरकडचं. तिकडचं पाणी गोड. आईला दिली संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालच्या पुढे, खारपाणात. काळी, सपाट, लोण्यासारखी जमीन, पण खाली हात घालाल तिथे खारं पाणी. त्यात डाळ शिजत नाही, चहाचं दूध फाटतं. "खारपाणात पोरगी देऊ नये" असं सगळेच म्हणतात आणि जमीन पाहिली की देतात. आमच्याकडे एक रीत आहे. सोयरीक जुळवायला पाहुणे येणार असले की सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरीवरून बैलगाडीत गोड्या पाण्याचे ड्रम आणायचे. पाहुण्यांना तेच पाणी, त्याच पाण्याचा चहा, त्याच पाण्यातलं वरण. यात कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही, पाहुणचारच तो. माझे आजोबा ते पाणी प्याले, शेत पाहिलं, ढेकर दिली आणि होकार देऊन आले.

मावशीला पुढे नोकरीवाला मिळाला. ती आमच्याकडे आली की चिडवायची, "दाजी, तुमच्या गावात वरण पिऊ की चावू?" वडील हसायचे. आई सर्वांत जास्त हसायची.

हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या गावात किडनीच्या आजाराचं माणूस नाही अशी गल्ली दाखवा. धडधाकट माणसं आधी थकतात, मग सुजतात, मग अकोल्याला डायलिसिसला जायला लागतात, मग एक दिवस जात नाहीत. धरणाचं गोड पाणी येणार, येणार, असं मी शाळेत होते तेव्हापासून ऐकते आहे. हल्ली फिल्टरच्या पाण्याची कॅन विकत मिळते. आमच्याकडे ती यायची, पण आई त्यातला पेला पाहुण्यांना द्यायची, वडिलांना द्यायची, मला द्यायची आणि स्वतः बोअरचं प्यायची. मी ओरडले की म्हणायची, "मले सवय हाये वं. काय होते पाण्यानं? साऱ्या गावानं हेच पेलं."

तिचे पाय सुजायचे, कंबर धरायची. गावात येणारा डॉक्टर दुखण्याची गोळी द्यायचा, इंजेक्शन टोचायचा. तपासणी करून घ्या, असं तिला कोणी म्हणजे कोणीही सांगितलं नाही. त्या गोळ्यांनी किडनी आणखी बिघडते, हे मला ती गेल्यावर कळलं. त्या डॉक्टरला आधीपासून कळायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर त्याला डॉक्टर म्हणतात.

ताप आला तसा बुलढाण्यात मावशीच्या मुलाने त्याच्या वर्गमित्राला फोन केला. वर्गमित्र डॉक्टर. त्याच दिवशी तपासणी, छातीचा फोटो, आणि धाप लागायच्या आधीच दवाखान्यात खाट. "लागली तर असावी म्हणून." काही वाईट केलं नाही त्यांनी. आईसाठी कोणीही हेच करेल. फक्त माझ्या वर्गात डॉक्टर झालेलं कोणी नव्हतं. माझ्या वर्गातल्या पोरी मजुरीने सोयाबीन सोंगायला जातात.

इकडे आमच्या डॉक्टरने आईला टायफाइड ठरवला. त्या महिन्यात आमच्याकडे सगळ्यांना टायफाइडच होता. ओसरीतल्या खुंटीला सलाईन टांगलं. सलाईन लावलं की माणूस उभं राहतं, असा आमच्याकडे पक्का समज. किडनी थकलेल्या बाईच्या अंगात ते पाणी कुठे जाणार होतं? मी शिकवत होते ती खासगी शाळा बंद पडल्यामुळे मी तेव्हा घरीच होते. मी म्हटलं, तपासणीला नेऊ. वडील म्हणाले, "नेलं की उचलून नेतात वं. मंग तोंडही पाहू देत नाहीत." त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. शेजारचा माणूस चालत गाडीत बसला होता आणि परत आली ती फक्त बातमी.

मी भांडले. आईला धाप लागली तेव्हा वडील मुकाट उठले आणि भाड्याची क्रूझर जीप सांगून आले. तालुक्याला ऑक्सिजन नव्हता. पुढे जा म्हणाले. पुढच्यांनी आणखी पुढे जा म्हटलं. प्रत्येक दारात मी तेच सांगायचे, आणि आतला माणूस आईकडे पाहायच्या आधी विचारायचा, "कोणाचा फोन आहे का?" आजाराचं नाव नंतर. आधी हे. गरीब-श्रीमंत न पाहणारा आजार तो हाच.

गाडीत आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द, असं बोलत तिने विचारलं, "मावशीले... भेटली ना... खाट?"

"हाव, भेटली. तुलेही भेटते."

"बरं झालं. तिले... दम धरवत नाही. लहानपणापासून."

तिला म्हणे दम धरवत नाही. स्वतः मासा पाण्याबाहेर काढल्यासारखी तोंड उघडून पडली होती, आणि काळजी धाकटीची. मला त्या क्षणी आईचासुद्धा राग आला.

खाट मिळाली ती अखेर मावसभावाच्याच फोनने. ज्या दारातून आम्हाला हाकललं होतं, त्याच दारातून आत घेतलं. फोन आला तशी तिथे जागा निघाली. आईच्या रक्ताची तपासणी झाली आणि तरुण डॉक्टर माझ्याकडे आला. डोळे लाल, बिचारा कधीपासून झोपला नसेल. पण तो जे बोलला ते मी त्याला माफ केलेलं नाही. "यांच्या किडन्या आधीपासूनच खराब आहेत. तुम्हाला माहीत नव्हतं? असा आधीचा आजार असला की अवघड असतं."

जणू आईने तो आजार हौसेने पाळला होता. आधीचा आजार म्हणे! आधी आमचं पाणी होतं, डॉक्टर. आधी आमचं गाव होतं.

आई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तोंड लांबून पाहू दिलं, काचेतून.

मावशी बरी होऊन, अंगात थोडी ताकद आल्यावर आमच्याकडे आली. भाऊबंद, शेजारणी, सगळे बसले होते. जो तो आधी आईसाठी डोळे पुसायचा आणि मग मावशीकडे वळून म्हणायचा, "तुमच्यावर देवाची किरपा झाली बाई, देवानं वाचवलं." मावशी खाली पाहत होती. काका घसा साफ करून म्हणाले, "तसं पाहिलं तर कोरोना निमित्त झाला. विषाणूला काय कळतं? ताईंना आधीचा आजार होता, तो भोवला."

माझा तोल सुटला. मी म्हटलं, "काका, दोघी एकाच आईच्या. मग मावशीला का नाही झाला आधीचा आजार? सांगा ना. शिकवता तुम्ही." वडील म्हणाले, "पोरी, पाहुणे हायेत." मी म्हटलं, असू द्या. काका चष्मा पुसायला लागले. कोणीतरी बाई पुटपुटली, "नशिबापुढं कोणाचं चालते?"

तेव्हा मावशीने मान वर केली. आवाज अगदी आईचा.

"जो येते तो मले म्हणते, देवानं वाचवलं. बुलढाण्यातही तेच, इथंही तेच. मंग माह्या बहिणीनं देवाचं काय घोडं मारलं होतं? तिच्याएवढे उपास तर म्या जन्मात नाही केले."

ती माझ्याकडेच पाहत होती, दुसऱ्या कोणाकडे नाही.

मी म्हटलं, "मावशी, तुले देवानं नाही वाचवलं. बुलढाण्यानं वाचवलं."

काका "अगं" म्हणून पुढे झाले. तिने हाताने त्यांना थांबवलं.

"हाव," ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने रडायला लागली.