पिकू दे

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीआधीचे थेंब घातलेली माणसं बाकावर ओळीने डोळे मिटून बसतात. आज त्यातल्या एका आजींनी डोळे न उघडताच शेजारच्या मुलीला विचारलं, "माझा पिकला का गं?"

"आई, हल्ली पिकायची वाट बघत नाहीत," मुलगी हसून म्हणाली. "मोतीबिंदू उद्याच काढणार आहेत. पट्टी निघाली की तू पेपर वाचशील."

मला हसू आलं नाही. फळांचा हा शब्द डोळ्यांना कुणी लावला असेल? पिकणं म्हटलं की वाट बघणंसुद्धा गोड वाटतं. बाबा म्हणाले होते, "बाजूचं नीट दिसत नाही गं." मी कणीक मळता मळता म्हटलं, "मोतीबिंदू असेल. पिकू दे, मग काढू." अशी दोन वर्षं गेली. भरलेला कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला म्हणून मी त्यांच्यावर ओरडलेही. शेवटी इथे आणलं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखायची." उरलेली म्हणजे उजेड आणि अंधार कळण्यापुरती.

बाबांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

आजींच्या मुलीचं बोलणं माझ्या शेजारी बसलेल्या बाबांनीही ऐकलं होतं. त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"हल्ली पिकायची वाट बघत नाहीत म्हणे," ते केवढ्या आनंदाने म्हणाले. "मग माझाही काढायला सांग ना गं."