तिसरं पान मी काढलं होतं

यशवंत सरांना निष्काळजी ठरवणाऱ्या मेमोचं इंग्रजी माझं होतं.

सर आज सकाळी बोथ गावी, राहत्या घरी वारले.

मला मात्र एक साधी दुपार आठवतेय. आमच्या पीजी सेंटरची चार नंबरची खोली. मी दारात पेरू खात उभी. फिजिक्सचे यशवंत सर फरशीवर उकिडवे बसून खडूने उन्हाची कड आखताहेत.

"मॅडम, जरा सरका ना. तुमची सावली पडून राह्यली."

"काऊन सर, तुमच्या उन्हाला माझी दृष्ट लागते का?" मी मुद्दाम त्यांच्याच बोलीत.

"लागू द्या. पण पेरू अर्धा ठेवा."

ठेवला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही आंध्रात होतो, आणि विद्यापीठाच्या नकाशावर आदिलाबादचं सेंटर म्हणजे सात वर्गखोल्या. वर्गांत ओव्हरहेड प्रोजेक्टर बसवायला ग्रँट येणार होती. प्लॅन कोणी करायचा? सगळ्यांनी सरांकडे बघितलं.

त्यांनी दर तासाला प्रत्येक खोलीतलं ऊन आखलं. दिवसातून तीनदा व्होल्टेज वहीत लिहिलं. शेवटच्या बाकावर स्वतः बसून बघितलं, भिंतीवरचं काय वाचता येतं ते.

स्टाफरूममध्ये हसायचे. "सर, प्रोफेसर व्हायचंय का वायरमन?"

"वायरमनचं काम दिसते तरी," सर म्हणायचे.

त्यांचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. स्टाफरूममध्ये त्यांचा कप वेगळा नव्हता. हसणं वेगळं होतं.

मी हसले नाही. मी त्याहून वाईट केलं.

सरांनी प्लॅन पेन्सिलीने लिहिला. मी कॉन्व्हेंटची, इंग्रजीची लेक्चरर. टाइप मी केला. चार पानं. पहिल्या दोन पानांवर मशीन्स. चौथ्यावर सरांची सही. आणि तिसऱ्या पानावर त्यांची सगळी मेहनत: आधी जाड पडदे, नवी वायरिंग, स्टॅबिलायझर. मग मशीन. हे होणार नसेल तर मशीन मागवूच नका.

डायरेक्टर साहेबांनी मला एकटीला बोलावलं.

"मॅडम, परदा, वायरिंग सब मेंटेनन्स में आता. ये ग्रँट बस इक्विपमेंट का है. पेज तीन रहा तो फाइल वापस आती. मार्च खतम होरा. निकाल दो."

"सरांना विचारून..."

"उनको क्या पूछना? साइन तो हो गया ना?"

माझी पर्मनंटची ऑर्डर त्याच टेबलाच्या खणात होती. साहेब त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. खण फक्त उघडा ठेवला.

मी तिसरं पान काढलं. चौथ्यावरचा चारचा आकडा व्हाइटनरने पुसून तीन केला. अक्षर छान आलं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी अक्षराला नेहमी पैकीच्या पैकी दिले होते.

सात प्रोजेक्टर आले.

मुख्य कॅम्पसची टीम बघायला आली तेव्हा एक खोक्यातून काढला. भर दुपार. भिंतीवर ऊन, त्या उन्हात काहीच दिसेना. मुलं बिचारी माना तिरक्या करून बघत होती. मग व्होल्टेज उसळलं आणि आतला दिवा फुटला.

"प्लान किसका था?"

साहेबांनी शेवटचं पान उघडून पुढे केलं.

मेमो साहेबांनी तोंडी सांगितला, मी इंग्रजीत लिहिला. जागेची पाहणी न करता शिफारस केली. निष्काळजीपणा.

पाहणी न करता!

सर मेमो घेऊन माझ्याकडे आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"इंग्रजी लय साफ आहे, मॅडम. तुमचंच असंन."

मी समोरच्या वह्या सरळ करू लागले.

"तिसरं पान कुठं गेलं?"

"मला नाही माहीत, सर."

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्याकडून काही टाइप करूनही घेतलं नाही.

त्यांचं प्रमोशन त्या मेमोवर अडलं ते अडलंच. लेक्चरर म्हणून लागले, लेक्चरर म्हणूनच रिटायर झाले. मी रीडर झाले, मग हेड. उरलेले सहा प्रोजेक्टर खोक्यातच राहिले. दरवर्षी स्टॉक तपासणीत कोणीतरी मोजायचं आणि लिहायचं: सहा, बरोबर.

आज स्टाफच्या ग्रुपवर एकाने लिहिलंय, "माणूस देव होता, पण कागदपत्रांत जरा ढिला."

आणि थोड्या वेळापूर्वी सरांची मुलगी सुजाता फोनवर म्हणाली, "मावशी, एक विचारू का? बाबानं खरंच काही न पाहता सही केली होती का? आई म्हणते नाही. पण बाबा सोता कधी बोललाच नाही."

तिला फोनवर सांगायचं धाडस मला झालं नाही. म्हणून इथे, सगळ्यांसमोर.

नाही, सुजाता. तुझ्या बाबांनी सगळं पाहिलं होतं. लिहिलंही होतं. पान मी काढलं. विचारल्यावर खोटं मी बोलले.

जयभीम, सर. तुमच्या हयातीत हे मी कधी म्हटलं नाही. तुम्ही म्हणायचात, आणि मी 'गुड मॉर्निंग' म्हणून पुढे जायचे.

आता कोणाला काय द्यायचं ते.

ते तिसरं पान मी फाडलं नव्हतं. ते आणि सरांचा पेन्सिलीचा कच्चा मसुदा, दोन्ही सुजाताचे. आज दुपारी बोथला मी स्वतः नेऊन देते.

मी सही करून जबाब लिहिलाय. एक प्रत वहिनींना, सुजाताच्या आईला. एक विद्यापीठाला, सरांच्या सर्व्हिस फाइलमध्ये त्या मेमोच्या वर लावण्यासाठी. तीही मीच नेईन, सुजाताला खेटे घालू देणार नाही.

ग्रुपवर सरांच्या नावाने स्मार्ट बोर्डसाठी वर्गणी चालू झालीय. जमेल ती सेंटरच्या वायरिंगला आणि पडद्यांना द्या. बोर्ड नको.

आणि या पोस्टखाली मला "मोठं मन" वगैरे कोणी लिहू नका. दोन शब्द असतील तर वहिनींना फोन करून सांगा.