पन्नास मिनिटं आणि एक जास्तीची मूठ

परवा पहिल्यांदा विमानात बसलो... लेह ते श्रीनगर. मी बोगद्याच्या कामावर ड्रिल मशीन चालवतो. ठेकेदाराने आम्हाला तिकडच्या साइटवर पाठवलं, आणि दरड पडून रस्ता बंद, म्हणून विमान.

रस्त्याने चारशेच्या वर किलोमीटर, दोन दिवस जातात. विमानाने अडीचशे आणि फक्त पन्नास मिनिटं... मोबाईलवर बघितलं होतं. आपल्या चाळीसगाव-धुळे गाडीलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

हेच मी निघताना फोनवर आईला सांगून बसलो. पन्नास मिनिटांत उतरतो, लगेच फोन करतो. घरी त्या दिवशी आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांचं, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचं धान्य काढत होते. आमच्याकडे घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू टाकतात, मग ते दळतात. मी घरी नसलो तरी माझी मूठ असते.

पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग सगळीकडे ढगच ढग, आणि विमान एकदम खाली गेलं... मी पुढची सीट घट्ट धरली. शेजारी आमचे फोरमन, बोदवडचे नाना. म्हणे, "घाबरतो काय रे, आपल्याकडच्या रस्त्यातला खड्डा समज." दुसऱ्या खड्ड्याला त्यांनीच माझं मनगट धरलं. ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

पन्नास मिनिटं झाली. उतरायचं नाव नाही... ढग फाटला की काळा डोंगर दिसायचा, अगदी पंखाजवळ. असले डोंगर मी रोज फोडतो, पण तिथे पायाखाली जमीन असते. स्पीकरवर पायलट इंग्रजीत काहीतरी बोलला, मला कळलं नाही.

डोळ्यांपुढे एकच... आई घड्याळ बघतेय आणि माझा फोन बंद लागतोय. वेळ सांगितलीच नसती तर बरं झालं असतं.

दीड तासाने चाकं टेकली. बाहेर बघतो तर परत लेह. तिकडे ढगामुळे उतरता आलं नाही, पायलटने मागे आणलं.

आईने पहिल्याच रिंगला फोन उचलला. मी म्हणालो, "माय, उतरनू. पन लेहलेच." मग सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "त्या पायलटनं नाव काय शे?" मला माहीत नव्हतं. तरी त्याचीही मूठ टाकते म्हणाली.

मागून काकू म्हणाली, "अवं, रोट घरना माणसेसना ऱ्हास." खरंय, रोटाचा तुकडासुद्धा आम्ही बाहेरच्याला देत नाही. आई तिला म्हणाली, "मना पोऱ्याले खाले लई उना, तो घरनाच शे." पोराला खाली आणणारा घरचाच झाला. आणि फोनमध्ये गहू पडल्याचा आवाज आला... त्याची मूठ, बिननावाची.

उद्या परत तेच विमान. भीती गेलेली नाही, खरं सांगतो. या वेळी आईला वेळ सांगणार नाही... पण परवाच्या पायलटचं नाव विचारून तिला कळवीन. मूठ नाव घेऊनच टाकतात.