चंद्रीचे तापलेले खूर

भवानीनगरच्या साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर वास आला की आजही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

लग्न होऊन मी कन्हेरीला आले, त्या वर्षीची गोष्ट. माझ्या सासऱ्यांची, आबांची, चंद्री नावाची घोडी होती. परक्या घरात मला तीच पहिली आपली वाटली. मी तिला रोज गुपचूप गूळ चारायची. एका खड्याचे हळूहळू चार झाले.

एका सकाळी चंद्री पुढचे पाय टेकवेना. आबांनी इंदापूरहून नालबंद रहीमचाचांना बोलावलं. त्यांनी खुरावर तळहात ठेवला.

"तव्यावानी तापल्यात, आबा. गोडानंच हुतं असं. हिला गोड कोण चारतंय?"

मी दारात उभी होते.

"मीच," आबा म्हणाले. "लाड केला, चुकलं माझं."

चाचांनी नाल काढले, खूर तासले. "आता गूळ न्हाय, उसाच्या शेंड्याचं वाढं न्हाय. वाळलं गवत भिजवून, त्यातली गोडी निथळून घाला. मऊ मातीत हुबी करा. नाल तर नकोच."

त्यानंतर कित्येक महिने मी दिवसातून दहादा तिच्या खुरांना हात लावून बघायची. चंद्री बिननालाचीच बरी झाली, माळावर पळायलाही लागली. आबा गेले, तरी माझ्या तोंडून खरं निघालं नाही.

त्यांना काही ठाऊक नव्हतं, असंच मी धरून चालले होते. आता माझ्या घरात सून आली आहे. त्या सकाळी चाचांशी बोलताना आबांनी दाराकडे एकदाही का पाहिलं नाही, ते आत्ता कळतंय.